बिनगावाचे किली विकू नयेत. पटतंय का?

डबकेपुत्र

दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून गार्डनेरीची, म्हणजे किली या छोट्या रंगीत माशांतल्या एका जातीची, अंडी मागवली होती. चपटी पिशवी, आत ओलसर कोकोपीट, वर मार्करने लिहिलेलं 'एन्सुका'. एन्सुका हे नायजेरियातलं गाव. तिथून आणलेल्या गार्डनेरीचा वंश किलीवाले वर्षानुवर्षं वेगळा सांभाळत आलेत. पिल्लं छान वाढली, पण नर रंगावर आले तेव्हा काहींच्या शेपटीला पिवळी किनार, काहींना निळसर पांढरी. पुढच्या पिढीची अंडी तर निम्म्याहून जास्त पांढरी पडून बुरशीला गेली. फोन केला तर उत्तर मिळालं, "अहो, दोन ठिकाणचे लॉट एकत्र झाले होते, पण दोन्ही गार्डनेरीच की!"

तर माझं म्हणणं सरळ आहे. ज्याचं गाव माहीत नाही असा किली हौसेनं पाळा, त्याचं सुख घ्या, पण त्याची अंडी विकू नका आणि विकतही घेऊ नका. बाहेरचे किलीवाले जातीच्या नावापुढे देश, साल आणि पकडल्याची जागा लावतात ते उगाच नाही. 'एमझेडएम ०४१०' एवढं वाचलं की मासा मोझांबिकचा आणि २००४ साली पकडलेला हे कळतं. तेवढी चिठ्ठी हरवली की तो मासा कुठलाच राहत नाही.

नोथोब्रँकियस या आफ्रिकी किलींमध्ये तर विचारूच नका. नर दागिन्यासारखे, आणि माद्या जातीमागून जाती त्याच मातकट रंगाच्या. दोन डब्यांतल्या माद्या एकदा मिसळल्या की त्या वेगळ्या करणं तुमच्या-माझ्या डोळ्यांचं काम नाही.

कुर्लारविवार

साफ असहमत.

आपल्याकडे किली पाळणारे असून असून किती? त्यात तुम्ही माशांचं कूळ-गोत्र विचारायला बसलात. हे सोवळं युरोपात परवडतं. तिथं माणूस सुट्टी काढून गॅबनला जातो, नाल्यात जाळी मारतो आणि परत येऊन चिठ्ठी लावतो. मी रविवारी सकाळी कुर्ल्याला जातो. तिथं पिशवीत पोहणाऱ्या माशाला 'तुझं गाव कोणतं' विचारू?

आणि पिवळी-निळी किनार हा पुरावाच नाही. गार्डनेरीत एकाच वस्तीत दोन्ही रंगांचे नर सापडतात. अंडी पांढरी पडायला तर शंभर कारणं आहेत. नर कोवळा असेल, पाणी जड असेल. पुण्यात राहता ना? एप्रिलमध्ये टाकीचं तापमान किती होतं ते बघितलंत का? ३१ अंशाला अंडी टिकली नाहीत तर दोष गावाचा?

डबकेपुत्र

किनारीचा मुद्दा मान्य, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. उन्हाळ्याचाही अर्धा मान्य. पण लॉट मिसळल्याचं विक्रेत्यानं स्वतः कबूल केलंय, ते तुम्ही सोयीनं गाळलंत. आणि गोत्र नाही हो, सातबारा. मी मासा उच्च-नीच ठरवत नाहीये, कुठला आहे तेवढंच विचारतोय.

रेणू_टाकीवाली

मिसळण्यानं नक्की काय बिघडतं ते कुणी सांगितलंच नाही, म्हणून लिहिते.

डेन्मार्कच्या शील यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या किलींच्या संकराचे असंख्य प्रयोग केले, १९६० च्या दशकात. दिसायला जवळजवळ सारख्या वस्त्या, पण संकर केला की पिल्लं धडधाकट आणि पुढे वांझ, असं त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर गुणसूत्रांची संख्याच वेगळी. म्हणजे आपण एक जात समजून ज्यांची जोडी लावतो त्या आतून कधीच्या वेगळ्या झालेल्या असू शकतात. हे मासे नद्यांतून लांबवर फिरत नाहीत. या ओढ्यातला या ओढ्यात, टेकडीपलीकडचा पलीकडे. हजारो वर्षं तसंच.

त्यामुळे धागाकर्त्यांच्या अंड्यांचं कारण ऊन असेल किंवा संकर असेल, ते आता कळायचा मार्ग नाही. चिठ्ठी बरोबर असती तर निदान एक शक्यता बाद करता आली असती. मला एवढं कारण पुरतं.

तीनशे_लिटर

रेणूताई, शील यांचं बरोबर आहे, पण घरात काय होतं ते बघा. माणूस चिठ्ठीवाली एक जोडी आणतो. भाऊ-बहीण, त्यांची पिल्लं पुन्हा भाऊ-बहीण, २० लिटरच्या टबात सहा पिढ्या. दुसरीकडे तसलाच मासा मिळतो पण चिठ्ठी वेगळी, म्हणून नवीन रक्त घ्यायचं नाही. शेवटी चिठ्ठी शाबूत आणि मासा खुरटा. माझ्याकडे ऑस्ट्रेल या किलीचं हेच झालं. चौथ्या पिढीला सगळे नरच. सगळे! अठरा नर घेऊन मी काय भजन करू?

रेणू_टाकीवाली

अठरा नरांना हसले, क्षमस्व.

पण खुरटण्यावर मिसळणं हा एकच उपाय नाही. किलींच्या नात्यातलाच एक मेक्सिकन मासा घ्या, झूगोनेटिकस टेकिला. गुडीड कुळातला, अंडी नव्हे तर पिल्लं घालणारा. हालिस्को राज्यातल्या तेउचित्लान नदीतून तो नाहीसा झाला होता. हौशी लोकांनी आणि इंग्लंडमधल्या चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयानं त्याचा वंश टाक्यांत जपला. १९९८ साली तिथून ५ जोड्या मेक्सिकोच्या विद्यापीठात गेल्या, त्यातून शेकडो झाले आणि पुढं ते त्याच नदीत सोडले गेले. तगलेही. पाच जोड्या फक्त! त्यांच्यात कुणी 'तसलाच दिसणारा' दुसरा मासा मिसळला असता तर परत काय सोडलं असतं?

तीनशे_लिटर

ताई, हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्या पाच जोड्यांना विद्यापीठ मिळालं. नदीत सोडण्याआधी २०१२ मध्ये ४० नर आणि ४० माद्या मोठ्या तळ्यांत ठेवल्या होत्या, एक जोडी टबात नव्हे. माझ्या बाल्कनीत तळं नाही. वंश जपायचा तर दहा जणांनी तोच वंश ठेवून आपसांत अदलाबदल केली पाहिजे. ते दहा जण आहेत कुठं? या धाग्यावर मोजून चार!

नवा_भिडू

मधेच विचारतो, चुकलं तर सांगा. मुलीसाठी टाकी घ्यायची आहे. हे नोथोब्रँकियस सहा-आठ महिन्यांत मरतात म्हणे. मग लहान मुलांना का द्यायचे?

कुर्लारविवार

देऊ नका. गार्डनेरी घ्या, दोनेक वर्षं सहज काढतो. टाकीला झाकण मात्र घट्ट हवं, हे मासे फटीतून उडी मारतात. अंड्यांसाठी हिरव्या लोकरीचा झुपका सोडा, अ‍ॅक्रिलिकची लोकर, सुती नाही, ती कुजते. पिल्लांना पहिल्या दिवसापासून ताजा आर्टेमिया, म्हणजे नुकतेच अंड्यातून निघालेले बारीक जलकीटक. बाकी गावाचं नंतर बघू. ;)

व्हाळावरचा

मी सिंधुदुर्गातला. तुम्ही नायजेरिया आणि मेक्सिको फिरून आलात, आमच्या व्हाळात कुणी उतरलंच नाही.

आपला स्वतःचा किली आहे, अ‍ॅप्लोकायलस लायनेटस. भाताच्या कडेच्या पाटात, मळ्याच्या व्हाळात, वरच्या वर तरंगत असतो, डोक्यावर चमकता ठिपका. दुकानात 'गोल्डन वंडर' म्हणून मिळतो तो याचाच पिवळा वाण. म्हणजे आमचाच मासा शहरात जाऊन सोनेरी होऊन येतो. आता होतं काय, कुणाची टाकी मोडते, मासे मारवत नाहीत, मग पुण्य म्हणून जवळच्या ओढ्यात सोडतात. तिथं जंगली लायनेटस असतोच. त्यांची पैदास होणार नाही असं कोण सांगेल? आफ्रिकेतला किली चुकून मिसळला तर एका टबाचं नुकसान. हा मिसळला तर व्हाळाचं. गप्पी माशांनी आधीच डबकी भरलीत, डासांसाठी म्हणून ते गावोगाव सोडले. डास खायला हा होताच की!

आणि डबकेपुत्र, मी घरच्या लायनेटसच्या डब्यावर व्हाळाचं नाव लिहितो, पण बाहेर कुणाला सांगत नाही. एकदा एकाला सांगितलं होतं. पुढच्या पावसाळ्यात दोघे जण मोठी जाळी घेऊन हजर. आता डब्यावर फक्त तालुका असतो. चालेल तुम्हाला?

डबकेपुत्र

तालुका चालेल. जागा तुमच्या वहीत असली म्हणजे झालं. आणि गोल्डन वंडरचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी एन्सुका-एन्सुका करत बसलो.

तीनशे लिटर, टबातल्या प्रजननाबद्दल अजून एक. फुर्झेरी या नोथोब्रँकियसचा 'जीआरझेड' वंश ऐकला असेल. झिंबाब्वेच्या गोनारेझू भागात पकडलेल्या थोड्या माशांपासूनचा, १९७० च्या आसपासचा. तीसेक वर्षं तो हौशी लोकांच्या टबांतच फिरत राहिला. पुढं शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हा मासा तीन-चार महिन्यांत म्हातारा होऊन मरतो आणि वार्धक्याच्या अभ्यासाला असा प्राणी दुसरा नाही. २०१५ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. कुठून आला ते लिहिलेलं होतं, म्हणूनच मोझांबिकच्या वंशांशी त्याची तुलना करता आली. ते वंश बरेच जास्त जगतात.

तीनशे_लिटर

आणि म्हणूनच मी विचारेन, जीआरझेड लवकर मरतो तो मूळचाच तसा की टबात घटला? यावरच लोकांनी वर्षं घालवलीत. कोरड्या भागातल्या जंगली वस्त्याही लहान आणि आतून एकसारख्या असतात असं दिसलंय, त्यामुळे सगळा दोष टबाचा नाही हे मान्य. पण तुम्ही खुरटण्याला उत्तर म्हणून टाकीत पाळल्या जाणाऱ्यांतला सर्वात अल्पायुषी मासा पुढं केलात. याला काय म्हणायचं!

कुर्लारविवार

=)) हे भारी.

बरं, गंमत बाजूला. माझी खरी अडचण पैशांची आहे. चिठ्ठी असली की त्याच अंड्यांना जास्त भाव मिळतो. तुम्ही 'गाव नसेल तर विकू नका' म्हटलंत की लोक विकायचं थांबवणार नाहीत. ते गाव लिहायला लागतील. नकाशा उघडा, नायजेरियातलं एखादं नाव उचला, मार्कर घ्या. तुमची पिशवी तशीच लिहिली गेली नसेल कशावरून?

रेणू_टाकीवाली

या मुद्द्यावर कुर्लारविवार यांना +१. मनात आलं होतं, लिहिलं नव्हतं.

डबकेपुत्र

हम्म. हे लागलं.

मग शीर्षक मागे घेतो, अर्धं. बिनगावाचे विका, पण पिशवीवर 'गाव माहीत नाही' असं लिहा. मोकळी जागा नको, अंदाजही नको. आणि अशा माशांची चिठ्ठीवाल्याशी जोडी लावली तर पिल्लांची चिठ्ठी गेली. तीनशे लिटर, तुमचे अठरा ऑस्ट्रेल नर या हिशेबात बसतात. त्यांना बिनचिठ्ठीच्या माद्या आणा, मी काही बोलणार नाही.

तीनशे_लिटर

परवानगीबद्दल आभारी आहे, महाराज. माद्या कुणाकडे आहेत का?

कुर्लारविवार

माद्या नाहीत. पण डबकेपुत्र, माझ्याकडे गुंथरी या नोथोब्रँकियसची अंडी पडलीत, चाळीसेक. गुंथरी मूळचा झांझिबारचा, एवढं पुस्तकातलं. माझे मासे बाजारातनं आले, त्यामागचं काही ठाऊक नाही. तसं लिहून पाठवू का? कुरियरचा खर्च तुमचा.

डबकेपुत्र

पाठवा. गावाबद्दल तेच लिहा. कोकोपीट पाण्यातून काढल्याची तारीख मात्र न विसरता लिहा, अंडी पुन्हा पाण्यात टाकायचे तीन महिने कधी भरतात ते त्यावरूनच कळेल. आणि ओलावा तंबाखूच्या पुडीएवढाच ठेवा. मागच्या खेपेला एकानं चिखलच पाठवला होता.