मदत हवी आहे : स्पिटफायरच्या पंखावरील झिजलेला रंग कसा दाखवावा?
1944-45 मध्ये बर्मा आघाडीवर लढलेल्या स्पिटफायर मार्क 8 या ब्रिटिश लढाऊ विमानाची 1/32 प्रमाणातील प्रतिकृती मी बांधत आहे. जपानी विमानांशी गल्लत होऊ नये म्हणून लाल रंग वगळलेली तिच्यावरील ओळखचिन्हांची निळी वर्तुळे मला फार आवडतात. कॉकपिटजवळ, जिथे वैमानिक व तंत्रज्ञ पंखावर पाय देत, तिथे झिजलेल्या रंगाखालचे अ‍ॅल्युमिनियम दिसावे म्हणून मी चंदेरी थरावर पाण्याने सुटणारा हेअरस्प्रे मारून वर हिरवा अ‍ॅक्रिलिक रंग दिला. दुसऱ्या दिवशी ओल्या ब्रशने घासताच बारीक टवक्यांऐवजी नखाएवढे पापुद्रे निघाले. हेअरस्प्रेचा थर जाड झाला असेल का, आणि रंग दिल्यावर किती वेळात घासावे? तसेच, उन्हाने विटलेपणा दाखवणारे तैलरंगाचे ठिपके डिकल (विमानावरील चिन्हांची चिकटचित्रे) लावण्यापूर्वी द्यावेत की नंतर, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.