'ढापली', 'उचलली' की 'बेतली'? गोष्ट चोरीला गेली तर नेमका शब्द कुठला?

अंधेरी_लोकल
मंडळी एक अडलंय. माझा एक मित्र सात वर्षं अंधेरीत भाड्याने राहून पटकथा लिहितोय, एका स्टुडिओत (नाव नको) जाऊन त्याने नॅरेशन दिलं (म्हणजे गोष्ट तोंडी ऐकवली), तिथल्या साहेबांनी चहा पाजला, 'मेल करून ठेव, कळवतो' म्हणाले आणि मग सगळं गप्प. परवा एका मराठी सिनेमाच्या ट्रेलरमध्ये त्याला स्वतःचे तीन सीन दिसले, लागोपाठ, त्याच क्रमाने. आता तो पत्र लिहायला बसलाय आणि पहिलंच वाक्य आहे 'आपण माझी कल्पना ढापली आहे'. मी म्हटलं पत्रात ढापली बरं दिसत नाही, वांङमयचौर्य लिही. तो म्हणतो तो शब्द प्रबंधाच्या भानगडीत शोभतो, सिनेमात नाही. कोणाचं बरोबर?

गिरगावचा_नातू
ढापणे हा तसा वाईट शब्द नाही हो. मूळ अर्थ झाकणे. गटारावर टाकतात त्या फरशीला ढापा म्हणतात, तोच हा. झाकून, लपवून नेलं म्हणजे ढापलं. चोरीत नुसतं घेणं आलं, ढापण्यात घेतलेलं लपवणंही आलं. नाव बदलायचं, सातारचा हिरो नागपूरचा करायचा, आईच्या जागी आत्या घालायची, हे सगळं वरचे ढापेच की. अर्थाने शब्द एकदम फिट आहे, फक्त पत्रात लिहू नका.

चाळीतली_मावशी
आणि 'उचलली'? आमच्याकडे उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, ऊसतोडीला जाणारे मुकादमाकडून घेतात ती. इथे लेखकाला दमडीची उचल नाही आणि गोष्ट मात्र उचलली. (जोक आवडला तर लाइक करा.)

काळा_कोट
वकील आहे म्हणून थोडं लांबेल. घोळ ढापण्यात नाही, 'कल्पना' या शब्दात आहे. तुमचा मित्र कल्पना लिहील आणि समोरचा वकील तिथेच हसेल. 1978 साली सुप्रीम कोर्टात आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स झालं, एका नाटककाराचं म्हणणं होतं की 1956 चा 'न्यू दिल्ली' हा सिनेमा त्याच्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून घेतलाय, नाटकही प्रांताभिमानावर, सिनेमाही प्रांताभिमानावर. नाटककार हरला. कोर्ट म्हणालं कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, तो असतो मांडणीवर. म्हणजे 'दोन शेजारी भांडतात आणि त्यांची पोरं प्रेमात पडतात' ही कल्पना, ती कोणाच्या बापाची नाही. ती पोरं भेटतात कुठे, कोण कोणाला काय बोलतं, भांडण कुठल्या प्रसंगाने पेटतं, ही मांडणी.

2020 ची केसही बघा. 'बेताल' नावाच्या वेब मालिकेवर स्थगिती मागायला एक लेखक मुंबई उच्च न्यायालयात गेले, त्यांची कथा होती 'वेताळ'. स्थगिती मिळाली नाही. एक तर वेताळ आपल्या पुराणकथांतला, तो एकट्याचा कसा होईल, आणि दुसरं म्हणजे मालिकेच्या बातम्या आदल्या वर्षीच आल्या होत्या, हे आले अगदी शेवटच्या क्षणी. ट्रेलर बघून आठवडाभर नुसते चिडत बसू नका एवढंच.

गिरगावचा_नातू
म्हणजे वाङ्मयचौर्य हा शब्द कोर्टाच्या बाजूचा निघाला! वाक् पासून वाङ्मय. जे शब्दांत आलंय ते वाङ्मय, डोक्यात आहे ते नाही. चहा पिताना तोंडी सांगितलेली वनलाइन (एका ओळीतली गोष्ट) चोरली तर वाङ्मयचौर्य म्हणता येईल का, मला शंका आहे. मेल केलेली पटकथा असेल तर येईल.

काळा_कोट
तोंडी सांगितलेल्यासाठी वेगळा शब्द आहे, विश्वासभंग. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल, मुंबई उच्च न्यायालय, 2003. घरात बाळकृष्ण अवतरतो अशी मालिकेची संकल्पना सनडायलवाल्यांनी झीला विश्वासाने दाखवली आणि पुढे झीची तशीच मालिका आली. तिथे कोर्टाने ती थांबवली. नुसती कल्पनाही नीट बेतून, गुप्त ठेवा म्हणून दाखवली असेल तर तिला संरक्षण मिळू शकतं.

चाळीतली_मावशी
विश्वासभंग कसला कोरडा शब्द. आपल्याकडे याला केसाने गळा कापणे म्हणतात.

शिंप्याची_पोर
वर वकिलांनी 'बेतून' लिहिलंय त्यावरून सांगते. माझे बाबा शिंपी, बेतणे म्हणजे मापाप्रमाणे कापड आखून कापणे. 'कादंबरीवर बेतलेला सिनेमा' त्यातलंच, कापड दुसऱ्याचं, कापणी आपली. पण किती कापड दुसऱ्याचं असलं की 'बेतलेला' म्हणायचं? अमेरिकेत याच शब्दावर अख्खा खटला झालाय. 1988 चा एडी मर्फीचा 'कमिंग टू अमेरिका', आर्ट बुकवाल्ड नावाच्या विनोदी लेखकाने पॅरामाउंट स्टुडिओला आधीच एक छोटी गोष्ट विकली होती, करारात होतं की सिनेमा तिच्यावर बेतलेला असेल तर पैसे आणि नफ्यात वाटा. 1990 ला कोर्ट म्हणालं हो, बेतलेलाच आहे. मग पॅरामाउंट म्हणे कसला नफा, सिनेमाने नफाच कमावला नाही! तुफान चाललेला सिनेमा!! 1992 ला कोर्टाने बुकवाल्डना दीड लाख डॉलर मंजूर केले. तिथे चोरी हा शब्दच लागला नाही, करार होता ना. आपल्या पोरांच्या हातात चहाचा कप असतो.

अंधेरी_लोकल
भारी माहिती. त्याने पटकथा लेखक संघटनेत आधीच रजिस्टर केलीय, मेलही आहे पाठवल्याचा. आता वाक्य असं केलंय, 'मी आपल्याला विश्वासाने पाठवलेल्या पटकथेतील तीन प्रसंग त्याच क्रमाने व त्याच मांडणीत आपल्या चित्रपटात दिसतात.' चालेल?

काळा_कोट
चालेल. मेलची तारीख आणि नोंदणी क्रमांक त्याच वाक्यात घाला. आणि फेसबुकवर पोस्ट टाकू नका म्हणावं, निदान उत्तर येईपर्यंत.

अंधेरी_लोकल
टाकली त्याने काल रात्री. त्यात ढापली आहे, चार वेळा.

गिरगावचा_नातू
असो. आणि वाङ्मय असं लिहा, तुम्ही वर वांङमय केलंय.

अंधेरी_लोकल
मोबाईलवर तो ङ् कुठे असतो काका??