पेशंटची सेवा घरच्यांनीच करायची, तर आधी शिकवा ना

मानेवाडाकर: बाबांना लकवा मारला, अठरा दिवस ॲडमिट होते. तिसऱ्या दिवशी सांगितलं, नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी पातळ देत जा, बस. मी आडवं झोपवूनच वरणाचं पाणी ढकललं, बाबा खोकून खोकून निळे पडले. रात्रपाळीच्या सिस्टर धावत आल्या, पलंगाचं डोकं वर केलं आणि दाखवलं, नळीवरची खूण नाकापाशीच आहे का दरवेळी बघा, सिरिंज दाबू नका, उंच धरा, आपोआप जाऊ द्या, नंतरही अर्धा-एक तास टेकवून ठेवा. पाच मिनिटं लागली. ती पहिल्याच दिवशी काऊन नाही? सेवा तर आम्ही करूनच राहिलो.

सक्करदऱ्याची ताई: मी विरोधात. नळीचं फीड नर्सिंगचं काम आहे, उद्या काही झालं तर दोष तुमच्यावरच येईल. आणि तुम्ही शिकलात की नर्सच्या रिकाम्या जागा भरायची कोणाला घाई राहील? घरातलं शिकणार कोण तर सून. माझी वहिनी छिंदवाड्याहून येऊन सासूबाईंजवळ दीड महिना चटईवर झोपली, शिवणकामाचं गिऱ्हाईक सगळं तुटलं, त्याचा हिशोब कोण धरणार?

रात्रपाळी: मी स्टाफ नर्स. चाळीस पेशंटला आम्ही दोघी, शिकवू कधी? पण न शिकवल्याचा त्रासही आम्हालाच होतो, नातेवाईक पेशंटला हलवताना लघवीची पिशवी उचलून पोटावर ठेवतात, लघवी उलटी जाते, इन्फेक्शन होतं. नवजात बाळांच्या बाबतीत दिल्लीच्या राम मनोहर लोहिया हॉस्पिटलने आईवडिलांना हात धुण्यापासून बाळ छातीशी धरण्यापर्यंत शिकवलं, 2017 मध्ये केंद्राने त्याच्या देशभरासाठी गाइडलाइन काढल्या. मोठ्यांच्या वॉर्डात तसं करायचं तर शिकवायला वेगळी सिस्टर द्या, आमच्याच ड्युटीत कोंबू नका.

मानेवाडाकर: ताई, वहिनीचं पटलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण डिस्चार्जनंतर घरी कोणती सिस्टर येते? मागच्या आठवड्यात बाबांच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला, बोटाने दाबला तरी लाली जाईना. ही बेडसोअरची सुरुवात, हेही त्याच सिस्टरने सांगितलं होतं म्हणून समजलं. आता अलार्म लावून दोन-दोन तासांनी कूस बदलतो, रात्री पण.

सक्करदऱ्याची ताई: घरच्यासाठी शिकवा, शंभर टक्के. वॉर्डातली नळी मात्र सिस्टरच्याच हातात पाहिजे, मी यावर हटणार नाही. बाबांचा चट्टा कमी झाला का?