समुद्रगुहेत होडीने जायचंय, भरती-ओहोटीचं गणित कसं मांडायचं?

रानपाखरू
गुहेचं तोंड 4 मीटर रुंद, आत लांबी साधारण 40 मीटर. पूर्ण ओहोटीला पाण्यापासून छत 2.8 मीटरवर असतं. त्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक 2.4 मीटर आहे. इंजिनाची बोट बाहेर ठेवून 3 मीटरच्या वल्ह्याच्या होडीतून दोघं आत जाणार आहोत. आत किती वेळ मिळेल? वारा पडलेला असेल तर जायला हरकत नाही ना?

खडपकर
आधी छत बघू. फरकाचे 12 भाग करा, म्हणजे 0.2 मीटरचा एक. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी 1 भाग चढतं, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 3. तासाभराने छत 2.6 मीटरवर येतं, दोन तासांनी 2.2 आणि तीन तासांनी थेट 1.6. बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून मीटरभर वर असतं, म्हणजे तेव्हा उरले 60 सेंटिमीटर. अर्ध्या मीटरची उसळी आली की डोकं कातळाला. ओहोटीच्या तासभर आधी शिरा, नंतरच्या तासाभरात बाहेर पडा. भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका: हवेचा दाब 10 हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे 10 सेंटिमीटर चढतं.

वारा पडला म्हणून मात्र निघू नका. खरा धोका लांबून येणाऱ्या लाटेचा. दर 6 सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे 56 मीटर, दर 12 सेकंदांनी येणाऱ्या लाटेची सुमारे 225. ही दुसरी लाट बाहेर जाणवतही नाही, होडी फक्त सावकाश वर-खाली होते. पण अरुंद तोंडात शिरल्यावर पाण्याला बाजूला सरायला जागा नसते, म्हणून ते वर चढतं. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मधे काही मिनिटं अगदी शांत जातात, आणि माणसं फसतात ती त्याच शांततेत. निदान 20 मिनिटं तोंडासमोर थांबून सगळ्यात मोठी लाट आत कुठवर चढते ते पाहा. आतून तोफेसारखा धप्प आवाज येत असेल तर लाट तोंड बुजवून हवा कोंडतेय. त्या दिवशी परत फिरा.

वल्हेवाला
लाटेबद्दल शंभर टक्के सहमत, वेळेबद्दल नाही. या आकड्यांत छत अडत नाही, अडेल तो तळ. उतरत्या पाण्यात होडी खडकावर बसली तर पाणी तिला सोडून आणखी खाली जातं. ओहोटी पूर्ण लागून पाणी वळल्यावर शिरा, म्हणजे अडकलात तरी चढतं पाणीच उचलेल. तासाभरात बाहेर.

आणखी एक, वल्ही मोजलीत का? 2.1 मीटरची दोन वल्ही पसरली की टोकापासून टोकापर्यंत 4 मीटरच्या वर जातात, तोंडात मावणारच नाहीत. हातात धरायची दोन आखूड पॅडल घ्या. होडीची नाळ (पुढचं टोक) समुद्राकडे ठेवून उलटं, हळूहळू आत सरका. पुढच्याने फक्त लाटा बघायच्या, मागच्याने खडक. लाट नाळेवर येते आणि निघायचं झालं तर होडी वळवावी लागत नाही. भिंतीला हात लावून होडी सावरू नका, बोटं चेमटतात.

रानपाखरू
छोटं इंजिन लावून आत गेलो तर? बाहेरची बोट नांगरू का?

खडपकर
इंजिन नको. बंदिस्त जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि पंखा खडकावर आपटला की होडी हाताबाहेर जाते. बाहेरची बोट नांगरू नका. कड्यावर आपटून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांशी भिडतात, तिथे पाणी उभं राहतं. किमान 50 मीटर दूर, इंजिन चालू, सुकाणूवर माणूस. आत वायरलेस पोचेल याचा भरवसा नाही, तेव्हा परतायची वेळ आधीच ठरवा आणि शिट्टी जवळ ठेवा.

वल्हेवाला
लाइफ जॅकेट फोमचं घ्या. पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारं जॅकेट ठेंगण्या छताला चिकटवून ठेवतं, बुडी मारून निसटता येत नाही. डोक्यावर हेल्मेट, त्यावर विजेरी, एक जादा खिशात. निळा प्रकाश बघायचा असेल तर गुहेला पाण्याखालीही मोठं तोंड हवं: उजेड तिथून पाण्यातून गाळून येतो, तांबडा शोषला जातो. इटलीतल्या कॅप्री बेटावरची निळी गुहा अशीच आहे. तिचं वरचं तोंड जेमतेम मीटरभर उंच, म्हणून प्रवाशांना होडीत आडवं व्हावं लागतं आणि नावाडी भिंतीवरच्या साखळीला धरून होडी आत ओढतो. असा उजेड हवा असेल तर ऊन नेमकं कधी तोंडावर येतं ते बघून त्या वेळेची ओहोटी असलेला दिवस निवडा. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते.