पालक कितीही धुवा, कॅडमियम निघत नाही

मृण्मयी:
परवा सदाफुली यांनी लिहिलं की रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या पालेभाजीची भीती सेंद्रियवाल्यांनी धंद्यासाठी पसरवली आहे. त्यांचं म्हणणं, झाड मातीतून स्वतःला हवं तेवढंच घेतं आणि उरलंसुरलं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की निघून जातं. खाली कितीतरी जणांनी ‘अगदी बरोबर’ म्हटलंय. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅडमियम हा विषारी धातू. झाडाला तो नकोच असतो, पण त्याला तो ओळखता येत नाही. लोह आणि जस्त आत घ्यायला मुळांच्या पेशींवर जी दारं असतात, त्यांतूनच कॅडमियम शिरतं. आत आलं की झाड गंधक असलेल्या छोट्या साखळ्या तयार करून त्याला जखडतं (फायटोकेलेटिन म्हणतात त्यांना) आणि पेशीतल्या रिक्तिकेत (पेशीतली साठवणीची पिशवीच ती) नेऊन कोंडतं. झाडाचा जीव वाचतो, पान हिरवंगार राहतं. आपण नेमकं तेच पान खातो. पेशीच्या पोटात कोंडलेलं मिठाच्या पाण्याने कसं निघेल?

शिशाचं वेगळं. ते बहुतेक मुळांनाच चिकटून राहतं, वर फारसं चढत नाही. पानांवर सापडतं त्यात धुळीचा वाटा मोठा, आणि ती धूळ धुऊन बरीचशी जाते. सदाफुलींनी शिशाचा नियम कॅडमियमला लावला, माझा राग त्यावर आहे.

सदाफुली:
माझ्या सासूबाई चाळीस वर्षं कुर्ल्याच्या बाजारातली पालेभाजी खात होत्या. 88व्या वर्षी गेल्या, तेही झोपेत. तुमच्या रिक्तिका त्यांना कुठे आडव्या आल्या? पालक खाऊ नका म्हटलं की लोक बिस्किटं खातात. त्याचं काय करायचं ते सांगा.

मृण्मयी:
सासूबाईंना दीर्घायुष्य लाभलं याचा आनंदच आहे. पण एका माणसावरून नियम ठरत नाही. जपानात तोयामाच्या जिन्झू नदीकाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या भातच खात होते. वर कामिओकाची खाण होती. नदीचं पाणी शेतात आलं, कॅडमियम भातात उतरलं आणि बायकांची हाडं नुसत्या खोकल्याने मोडायला लागली. ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. सरकारने तो प्रदूषणाचा आजार मानला 1968 साली. तोवर किती जणी अंथरुणाला खिळल्या होत्या!

रुळालगतचा:
मी याच भाजीवर वाढलोय म्हणून बोलतो. वडील रेल्वेत गँगमन. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेत रुळाशेजारचा पट्टा मिळाला होता. पहाटे चारला नाल्यात पाइप सोडायचा, पाइपाच्या तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधायचं, म्हणजे पिशव्या अडकत नाहीत. तासाभरात फडकं काळंकुट्ट, पिळलं की बोटांना तेल लागायचं. ते पाणी आम्ही हौसेने घालत होतो का? नळाचं पाणी कोण देणार होतं? वरच्या अंगाला धातूचा मुलामा देणारे प्लेटिंगचे गाळे होते, ते रात्री टाकी मोकळी करायचे. त्यांच्यावर एक ओळ नाही, आणि आमच्या जुडीवर एवढा लांबलचक लेख. माझं शिक्षण त्या लाल माठावर झालंय, ताई.

मृण्मयी:
गाळ्यांवर लिहायला हवं होतं, चुकलं माझं. पण जुडीत काय आहे ते त्यामुळे बदलत नाही.

मास्तर:
थोडी भर घालतो. मातीत किती कॅडमियम आहे यापेक्षा झाडाच्या हाती किती लागतं, हे महत्त्वाचं. आपल्या देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते, तिथे ते बरंचसं मातीलाच धरून राहतं. आम्लधर्मी मातीत मोकळं होतं. म्हणजे पाणी तेवढंच घाण असलं तरी कोकणातल्या जांभ्यावरची पालेभाजी जास्त उचलेल.

लाल माती:
आलं, कोकणावर आलं! आमच्याकडे कारखाने आणले घाटावरच्यांनी, खाडीतली मासळी गेली, आणि आता माती पण आमचीच वाईट? माझ्या परसातला माठ पावसाच्या पाण्यावर आणि शेणखतावर येतो. येऊन बघा.

मास्तर:
माती वाईट आहे असं मी म्हटलेलंच नाही. कॅडमियम आलं तर, असं म्हटलं. परसात शेणखत घालता हे उत्तमच, सेंद्रिय पदार्थ धातूला धरून ठेवतो.

लाल माती:
‘आलं तर’ तेव्हाच नीट लिहायचं होतं. आणि आमच्या भाताचं काय? तोही विषारी ठरवणार?

मास्तर:
भाताचं गणित उलटसुलट आहे. खाचरात पाणी तुंबलेलं असेल तर कॅडमियम गंधकाशी बांधलं जातं आणि भात कमी उचलतो. दाणा भरताना खाचर सुकवलं की जास्त. पण पाणी तुंबवलं की आर्सेनिक मोकळं होतं आणि भात ज्या वाटेने सिलिका घेतो त्याच वाटेने आत शिरतं. बंगालात तीच अडचण आहे. कोकणात बंगालसारखं आर्सेनिकचं पाणी नाही, तेव्हा तुम्ही निश्चिंत राहा.

लाल माती:
हे आधी सांगितलं असतं तर डोकं तापलं नसतं. ठीक आहे, जांभ्यात चुना घालून बघतो. पटलं म्हणून नाही, पूर्वी आजोबाही घालायचे म्हणून.

हिरवळ:
एवढं भांडण कशाला? विष ओढणारी झाडं लावा ना! एक नेचं आर्सेनिक शोषतं, 2001 साली सिद्ध झालंय.

मास्तर:
त्या नेच्याचं नाव टेरिस विटाटा. आपल्याकडेही जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवतं. पण ते आर्सेनिकचं, कॅडमियमचं नव्हे. आणि भरलेलं नेचं कापून टाकणार कुठे? खतात घातलंत तर पुन्हा मातीतच.

आहारवाली:
सगळे मातीवर बोलताय, मी माणसांवर बोलते. रक्त कमी असलेल्या बायकांना आम्हीच सांगतो, पालक खा, माठ खा. शरीरात लोह कमी असलं की आपलं आतडंही झाडाच्या मुळासारखंच फसतं, लोहाच्या वाटेने जास्त कॅडमियम आत घेतं. मग ते मूत्रपिंडात बसतं, 10 ते 30 वर्षांत जेमतेम निम्मं होतं. म्हणजे जिला भाजीची सगळ्यात जास्त गरज, तिलाच धोका जास्त. सदाफुली, तुमच्या सासूबाईंचं हिमोग्लोबिन चांगलं असेल. माझ्यासमोर सातावर असलेल्या मुली बसतात.

सदाफुली:
हे मला माहीत नव्हतं. मिठाच्या पाण्याचं वाक्य मागे घेते. बिस्किटांचं घेत नाही.

आहारवाली:
बिस्किटांचं घेऊच नका, ते बरोबरच आहे. भाजी सोडू नका. एकाच ठिकाणची रोज घेऊ नका, आणि नाल्याकाठची असेल तर पाल्याऐवजी फळभाजी घ्या. भेंडी, दुधी, पडवळात बहुधा पाल्यापेक्षा बरंच कमी उतरतं.

रुळालगतचा:
धाकटा भाऊ अजून त्याच पट्ट्यावर आहे. काल रात्री त्याला हे सगळं वाचून दाखवलं, चिडला. म्हणाला, माठ पंचवीस दिवसांत पैसा देतो, दुधीला मांडव लागतो, बांबू लागतात, दोन महिने थांबावं लागतं. तोवर घर कसं चालवायचं? तरी सकाळी त्याचा फोन आला, अर्ध्या पट्ट्यात भेंडी टाकून बघतो म्हणाला. मृण्मयीताई, भेंडी रुळाकडची आहे असं सांगून विकली तर तुम्ही घ्याल का?

मृण्मयी:
घेईन. गाळ्यांवर तक्रारही लिहू, तुम्ही पाइपाचं फडकं जपून ठेवा.