रिझोल्यूशन कमी करण्यापेक्षा स्केल वाढवावे

१५.६ इंची रुंद पडद्यावर अक्षरे बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन (चित्रातील आडव्या आणि उभ्या ठिपक्यांची संख्या) १९२० × १०८० वरून १३६६ × ७६८ वर आणण्याचा जो उपाय सुचवला जातो, त्याने अक्षरे मोठी होतील हे खरे, पण ती धूसरही होतील. एलसीडी पडद्यावरील ठिपक्यांची संख्या ठरलेली असते. कमी रिझोल्यूशन निवडल्यास चित्रातील एक ठिपका पडद्यावरच्या सुमारे १.४ ठिपक्यांवर ताणावा लागतो आणि कडा पुसट होतात. रोमन लिपीत हे एक वेळ खपून जाते, मात्र ‘सर्वांत’ या शब्दातील रफार आणि अनुस्वार अगदी शेजारी असल्यामुळे एकमेकांत मिसळून जातात.

त्याऐवजी पडद्याचे मूळ रिझोल्यूशन कायम ठेवून, विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक करून, ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मधील ‘स्केल’ (अक्षरे आणि चिन्हे किती मोठी दाखवायची ते प्रमाण) १२५ टक्के करावे. काही जुने प्रोग्रॅम त्यानंतर धूसर दिसतात. साइन आउट करून पुन्हा साइन इन केल्यावर ते बहुधा सुधारतात. १५० टक्क्यांपर्यंतही जाता येते, पण तेव्हा उभ्या दिशेने ७२० ठिपक्यांच्या पडद्याइतकाच मजकूर मावतो, आणि रुंद पडद्याची खरी अडचण उंचीचीच आहे. म्हणून तळाशी जागा अडवणारी पट्टी, म्हणजे टास्कबार, आपोआप लपण्याची सोय चालू करावी. विंडोज १० मध्ये तो डाव्या कडेलाही नेता येतो. विंडोज ११ आणताना ही सोय का वगळली, हे मला अजून उमगलेले नाही.