मदत हवी आहे: नोटबुकचा कर्नल मधेच मरतो, पुन्हा करून बघितलं तर क्रॅश होतच नाही

मंडळी, पायथनच्या नोटबुकमध्ये काम करताना कर्नल (मागे कोड चालवणारी प्रोसेस) अचानक डेड होतो, एरर नाही, ट्रेसबॅक (एरर कुठून आली त्याचा माग) नाही, सेलशेजारी नुसता तो स्टार लटकलेला आणि मग रीस्टार्टचा मेसेज. गंमत म्हणजे तोच कोड साध्या स्क्रिप्टमध्ये टाकून टर्मिनलवरून चालवला की शेवटपर्यंत निमूट चालतो. रीस्टार्ट करून सगळे सेल ओळीने चालवले तरी ठीक. सेल मागेपुढे चालवत, मधेच मॉड्यूल रीलोड करत बसलं की कधीतरी जातो, कधी ते सांगता येत नाही.

मेमरी संपत असेल म्हणून डीमेसेज (सिस्टिमचा लॉग) बघितलं, ओओएम किलरची (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी यंत्रणा) नोंद नाही, सेगफॉल्टची (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोसेस पडणं) आहे. म्हणजे भानगड सी एक्स्टेन्शनमध्ये (सी भाषेत लिहिलेलं पायथन मॉड्यूल) असावी. फॉल्टहँडलर (क्रॅशच्या क्षणी कुठली फंक्शन्स चालू होती ती यादी, म्हणजे स्टॅक, छापणारं मॉड्यूल) लावलंय पण स्टॅक दर वेळी वेगळाच, एकदा तर गार्बेज कलेक्शन (जीसी, नको असलेली मेमरी मोकळी करणं) चालू असताना फुटलं, त्यामुळे मेमरी आधीच कुठेतरी खराब होते आणि बोंब नंतर उठते असं वाटतंय.

जीसीचा थ्रेशोल्ड (जीसी कधी चालू व्हावं ती मर्यादा) मुद्दाम कमी ठेवून असा क्रॅश लवकर आणता येतो का? की सरळ कर्नलला जीडीबी (डीबगर) जोडून बसू? आणि रीलोडनंतर आउटपुट कॅशमध्ये (नोटबुक जुने निकाल जपून ठेवते तिथे) अडकलेले जुने ऑब्जेक्ट याला कारण असू शकतात का? कृपया 'रीइन्स्टॉल कर' सांगू नका, नवीन एन्व्हायर्नमेंटमध्येही तेच होतंय.